आकड्यांची पेटी

रस्त्यापलीकडच्या पंपावर लोरीन वाव्रा
लांब काठीच्या टोकाला रबरी वाटी लावून
तीनचा आकडा उतरवते, दोनचा चढवते.
मी शोरूमच्या काचेआड कॉफी ढवळत उभा.
काठी एकदा हलली
की माझ्या मागच्या रांगेतली एक हायब्रिड
आणखी महिनाभर जुनी होते.

नेब्रास्कात नोव्हेंबर असा येतो:
आडवा वारा, मक्याची खुंटं,
धान्याच्या कोठारावर जेमतेम टेकलेला उजेड.
यंदा सोबत स्वस्ताई आली.
डायनरमध्ये लोक ती एकमेकांना अशी सांगतात
जसं कुणाच्या घरी जुळं झालंय.
"दोन एकोणनव्वद!"
"क्रीटला तर दोन एक्याऐंशी!"
आणि ते आठ सेंट वाचवायला
वीस मैल जाऊन येतात.

मी मायलो कुचेरा. बावीस वर्षं गाड्या विकतोय.
उन्हाळ्यात माझ्याकडे एक गणित होतं,
कार्डाच्या पाठीवर मावेल एवढं:
चार हजार जास्त मोजा, सहा वर्षांत वसूल.
लोक कार्ड खिशात घालून नेत,
शनिवारी बायकोला घेऊन येत.
आता तेच गणित मांडलं की उत्तर बारा येतं.

आडेला ह्रुष्का, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली,
"बारा? मायलो, मी चौऱ्याहत्तरची आहे.
वसुलीला माझ्या मागे कुठवर येशील?"
तरी ती इलेक्ट्रिकमध्ये बसली.
दारं लावून घेतली. अर्धा तास.
तेहतीस वर्षं डिझेल आणि चाळीस पोरं कानाशी.
बाहेर आली तेव्हा गाडीबद्दल काहीच बोलली नाही,
फक्त दार हळू लावलं,
आत कुणी झोपलंय असं.

त्या आठवड्यात मी तीन पिकअप विकल्या.
एक तर आमच्या दंतवैद्याला,
ज्याला वाहून न्यायला साधी पिशवीही नसते.
खोटं कशाला बोलू, कमिशन चांगलं होतं.
मुलीच्या दातांच्या तारांचा हप्ता त्यातूनच गेला,
परत त्याच्याकडेच.

जानेवारीत भाव दोनच्या खाली उतरला
आणि लोरीनची पंचाईत झाली.
पेटीत एकचा आकडाच नाही,
कुठल्याशा वर्षी हरवलेला. कुणाला लागणार होता?
तिने प्लायवूड कापून एक बनवला, काळा रंगवला.
जरासा वाकडा.
वाऱ्यात तो रात्रभर खडखडायचा.
माझं घर तिथून दोन मैल,
तरी मला ऐकू यायचा.

हायब्रिडच्या टपांवर बर्फ साचला.
मालकाने काचेवर नवी किंमत लिहायला लावली,
आठवड्याने ती पुसून आणखी कमी.
आता मीही आकडे उतरवत होतो,
काठीशिवाय.

फेब्रुवारीत एका दुपारी लोरीन रस्ता ओलांडून आली.
हातमोजे न काढता
निळ्या गाडीच्या काचेवरचं वाचलं.
"हीच ना, जी ऑगस्टमध्ये मिळत नव्हती?"
हीच.
मी कार्ड काढलं. खरं तेच उत्तर लिहिणार होतो.
तिने पेन धरलं.
"मायलो, एकोणीस वर्षं ती पेटी माझ्याकडे आहे.
एक हरवला. दोन कडेला फुटलेत.
चार मी जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेत."
चेक तिने उभ्याउभ्याच लिहिला.

गाडी गेली. ती उभी होती तिथे
बर्फात एक कोरडा काळा चौकोन उरला.
कितीतरी दिवसांनी त्या रांगेत डांबर दिसलं.
मी थोडा वेळ बघत राहिलो.
मग मालकाने हाक मारली
आणि तिथे मी एक पिकअप आणून लावली.